मनगटात डोकावणारा ध्वनी

"दादा, बाळाला घे लवकर!"

माझ्या धाकट्या बहिणीची ही हाक ऐकून मी धावतच आतल्या खोलीत गेलो. चार महिन्यांच्या बाळाला न्हाऊमाखू घालून ती पाळण्यात ठेवीत होती. ठेवता ठेवता तिच्या उजव्या मनगटातून अशी जोराची कळ आली, की बाळ हातातून निसटते की काय, असे तिला वाटले. मी बाळाला घेतले. बाळ आपले हसतच होते. पण बहिणीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ते दुखण्याचे होते की भीतीचे, हे तिलाही सांगता आले नसते.

दुखणे तसे नवे नव्हते. बाळ दीड महिन्याचे असल्यापासून तिचा अंगठा दुखत होता. आईने "लचक भरली असेल" म्हणून आंबेहळदीचा लेप लावून पाहिला. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक इंजेक्शन दिले. त्याने थोडा आराम पडला, पण पुरता नाही. पंधरा दिवसांत कळा पुन्हा सुरू झाल्या. आता शस्त्रक्रियेची भाषा निघू लागली होती. बहिणीने तर त्याची धास्तीच घेतली. त्याआधी एकदा मनगटाची सोनोग्राफी करून घ्यावी, असे डॉक्टरांनी सुचविले.

"मनगटाची सोनोग्राफी? ती तर पोटाची करतात ना?" माझा नववीतला मुलगा म्हणाला.

विद्यार्थिमित्रांनो, हाच प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात ध्वनीचे प्रकरण शिकवीत आहे. फळ्यावर तरंग काढतो, गणिते सोडवून देतो. पण ध्वनी माणसाच्या मनगटात शिरतो तेव्हा काय घडते, हे मी प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. म्हणून बहिणीबरोबर आम्ही दोघेही गेलो. तेथे जे पाहिले आणि समजून घेतले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

नेफा आणि नाडी

आधी दुखणे काय होते ते पाहू. तुमचा उजवा हात समोर धरा आणि अंगठा जोराने मागच्या बाजूला ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, एक त्रिकोणी खळगा दिसेल. पूर्वी लोक या खळग्यात तपकिरीची चिमूट ठेवून ती ओढीत. म्हणून शरीरशास्त्रात या खळग्याचे नावच 'तपकिरीची डबी' असे पडले आहे. आता खळग्याची तळहाताकडची कड डाव्या हाताच्या बोटाने चाचपा. ताणलेल्या दोरीसारखे काही तरी बोटाला लागेल. ती एक दोरी नाही. अगदी शेजारी शेजारी असलेल्या दोन दोऱ्या आहेत. यांनाच कंडरा म्हणतात.

कळसूत्री बाहुलीचा खेळ तुम्ही पाहिला असेल. बाहुलीचा हात हलतो, पण हलविणारा माणूस वर पडद्याआड असतो. मध्ये असते ती दोरी. अंगठ्याचेही तसेच आहे. त्याला मागे खेचणारे काही स्नायू अंगठ्यात नसून कोपराच्या बाजूला, हाताच्या वरच्या भागात असतात. स्नायू आखडला की कंडरा ओढली जाते आणि अंगठा हलतो. आपल्या दोन कंडरांपैकी जाड कंडरा अंगठ्याला तळहातापासून दूर नेते, तर बारीक कंडरा अंगठा सरळ करते.

मनगटापाशी या दोऱ्या जागच्या जागी राहाव्यात, वर उचलल्या जाऊ नयेत, म्हणून निसर्गाने त्यांच्यावर एक पट्टा बसविला आहे. खाली हाड आणि वर हा पट्टा. मधल्या अरुंद बोगद्यातून कंडरा सरकतात. मनगटाच्या मागच्या बाजूला असे सहा बोगदे असतात. अंगठ्याच्या कडेचा बोगदा हा त्यांतला पहिला.

पायजम्याचा नेफा आणि त्यातली नाडी आठवा. नेफा सैल असला, की नाडी सुळकन सरकते. पण नेफ्याचे कापड जाड झाले, आतून चुरगळले किंवा नाडीलाच गाठ पडली, तर? नाडी अडकते, जोर लावला तर कापड फाटायची वेळ येते. माझ्या बहिणीच्या मनगटात नेमके हेच झाले होते. बोगद्याचे छत जाड झाले होते आणि कंडरा सरकताना घासत होत्या.

या विकाराला स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हँ यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी १८९५ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास याला 'धोबिणीची लचक' असेही म्हणत. कपडे पिळताना अंगठ्याने घट्ट पकडायचे आणि मनगट पीळ देत वळवायचे, अशी दुहेरी ओढ या दोन कंडरांवर पडते. तान्ह्या बाळाच्या आईलाही हे दुखणे पुष्कळदा होते. बाळाला उचलताना ती दोन्ही अंगठे फाकवून त्याच्या काखांत घालते आणि मनगटे वाकवून त्याचा भार पेलते. हे दिवसातून किती वेळा होते, ते मोजून पाहिलेत तर थक्क व्हाल! शिवाय लंगोट पिळणे आहेच.

हे दुखणे ओळखण्याची साधी रीत अमेरिकेतील डॉक्टर हॅरी फिंकेलस्टाइन यांनी १९३० साली सांगितली. डॉक्टर रोग्याचा अंगठा धरून हात करंगळीच्या बाजूला झटकन वाकवितात. दोन्ही कंडरा ताणल्या जातात आणि बोगद्यापाशी कळ उठते. (मित्रांनो, ज्याचा हात दुखतो आहे त्याच्यावर हा प्रयोग तुम्ही करू नका बरे! तो डॉक्टरांनीच करावयाचा आहे.)

दुखणे ओळखता आले, तर मग आत डोकावण्याची गरज काय? कारण दुखणे कुठे आहे हे कळले, तरी बोगद्याच्या आत नेमके काय बिघडले आहे हे कळत नाही. साधा क्ष-किरण फोटो येथे फारसा उपयोगी पडत नाही. त्यात हाडे छान दिसतात. पण कंडरा, पट्टा, त्वचा यांतला फरक क्ष-किरणांना फारसा जाणवत नाही. येथे मदतीला येतो तो ध्वनी.

कानाला न ऐकू येणारा आवाज

डोंगरकड्यासमोर उभे राहून तुम्ही हाक मारली, तर थोड्या वेळाने तीच हाक परत येते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. हाक मारल्यापासून २ सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर जाण्यायेण्याचे अंतर ६८० मीटर, म्हणजे कडा ३४० मीटर दूर आहे. न मोजता, न चालता तुम्ही कड्याचे अंतर काढलेत! वटवाघूळ अंधारात याच युक्तीने किडे पकडते.

मनगटातही असेच करायचे. पण साध्या हाकेने ते जमत नाही. का ते पाहा. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सरासरी १,५४० मीटर वेगाने जातो. सेकंदाला १,००० कंपने असलेला, म्हणजे शिट्टीसारखा आवाज घेतला, तर त्याची तरंगलांबी होते १,५४० भागिले १,०००, म्हणजे दीड मीटरहून अधिक. तुमच्या उंचीएवढी ही लाट तीन-चार मिलिमीटर जाडीच्या कंडरेला कशी ओळखणार? समुद्राची मोठी लाट पाण्यात रोवलेल्या काठीला जुमानते का? ती काठीला वळसा घालून पुढे निघून जाते. काठीची दखल घ्यायला पाण्यावरची बारीक तरंगरेषाच हवी.

म्हणून तरंगलांबी कमी करायला हवी, म्हणजेच कंप्रता वाढवायला हवी. आपला कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. मनगट पाहण्यासाठी साधारणपणे १ कोटी ते १ कोटी ८० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. १ कोटी ५० लाख कंप्रता घेऊन तुम्हीच भागाकार करा. तरंगलांबी येते सुमारे ०.१ मिलिमीटर! आता कंडरेतले बारीक तंतूही या ध्वनीच्या नजरेतून सुटत नाहीत.

"मग पोटासाठीही हाच का वापरीत नाहीत?" मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. दूरवरून येणारी वरात आठवा. प्रथम ऐकू येतो तो ढोल. वरात जवळ आली, की मग झांजांची किणकिण कळते. ध्वनीची कंप्रता जितकी जास्त तितका तो वाटेत लवकर शोषला जातो. शरीरातही तसेच. पोटात खोलवर पोचायचे तर ३०-४० लाख कंपनांवर समाधान मानावे लागते आणि चित्र थोडे भरड येते. मनगटातल्या कंडरा मात्र त्वचेखाली काही मिलिमीटरवरच असतात. त्यामुळे तेथे बारीक तरंगलांबीची चैन परवडते.

स्फटिकाची करामत

सेकंदाला दीड कोटी वेळा थरथरणारी घंटा आणायची कुठून? याचे उत्तर सापडले ते फ्रान्समध्ये, १८८० साली. प्येर आणि झाक क्यूरी या भावांना असे आढळले, की क्वॉर्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला, की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार निर्माण होतो. याला दाबविद्युत् म्हणतात. पुढच्याच वर्षी उलट परिणामही सिद्ध झाला. स्फटिकाला विद्युत्‌दाब दिला, की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. म्हणजे एकच स्फटिक तोंडही होऊ शकतो आणि कानही! विजेने थरथरवला, की तो ध्वनी सोडतो आणि परत आलेल्या ध्वनीने थरथरला, की वीज देतो.

पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी या करामतीचा उपयोग केला. त्या प्रयोगांच्या वेळी एक विलक्षण गोष्ट दिसली. टाकीत सोडलेल्या जोरदार ध्वनीच्या झोतात सापडलेले मासे मरत; आणि कुणी त्या पाण्यात हात घातला तर हात दुखे. ध्वनी नुसता हेरगिरी करीत नाही, तो जोरदार असेल तर शरीरावर परिणामही करतो, हे तेथे कळले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

नंतर कारखान्यांत ओतीव धातूमधल्या चिरा शोधण्यासाठी हा ध्वनी वापरात आला. आपल्या रेल्वेतही रुळांच्या पोटातल्या न दिसणाऱ्या चिरा याच पद्धतीने शोधतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील इयान डोनाल्ड या डॉक्टरांनी १९५५ साली असे धातू तपासण्याचे यंत्र घेऊन शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या आणि १९५८ साली रोग्यांच्या पोटाची प्रतिध्वनी-चित्रे प्रसिद्ध केली. सांध्यांच्या तपासणीत हे तंत्र १९७० नंतर शिरले आणि उच्च कंप्रतेची यंत्रे आल्यावर मनगटापर्यंत येऊन पोचले.

थंडगार जेल कशासाठी?

डॉक्टरबाईंनी बहिणीचा हात उशीवर ठेवला, त्यावर पारदर्शक जेल ओतले आणि दाढीच्या यंत्राएवढा प्रोब मनगटावर टेकवला. या प्रोबच्या तोंडाशी शंभराहून अधिक चिमुकले दाबविद्युत् तुकडे एका ओळीत बसविलेले असतात.

"हे गार गार कशाला?" बहिणीने विचारले. उत्तर द्यायची संधी मी सोडली नाही!

ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना त्याचा काही भाग सीमेवरून परत फिरतो. किती फिरतो, हे त्या माध्यमांचे घनत्व आणि त्यांतला ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हा गुणाकार दोन्हीकडे सारखा असेल, तर ध्वनी सरळ पुढे जातो. फरक जितका मोठा तितका प्रतिध्वनी मोठा. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवरून शंभरातला जेमतेम एक भाग परत येतो. बाकीचा आत जाऊन पुढच्या थराची बातमी आणायला मोकळा राहतो. पण हवा आणि त्वचा यांत हा फरक इतका प्रचंड आहे, की हजारातले सुमारे ९९९ भाग सीमेवरूनच परत फिरतात. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये केसाएवढी हवेची फट राहिली, तरी ध्वनी दारातूनच माघारी! जेल ही फट बुजवते. ते औषध नाही; ते ध्वनीसाठी उघडलेले दार आहे.

आता वेळेचे गणित पाहा. कंडरा ४ मिलिमीटर खोल आहे असे धरू. जाण्यायेण्याचे अंतर ८ मिलिमीटर. वेग सेकंदाला १,५४० मीटर. प्रतिध्वनी यायला वेळ लागतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे ५ पट! यंत्र एवढा सूक्ष्म काळ मोजते, त्यावरून खोली ठरविते आणि प्रतिध्वनी जितका जोरदार तितका उजळ ठिपका पडद्यावर उमटविते. असे हजारो ठिपके मिळून चित्र तयार होते, तेही सेकंदाला अनेक वेळा. म्हणून बहिणीने अंगठा हलविला, की पडद्यावरची कंडराही सरकताना दिसे.

कवडसा आणि काळा डाग

पडद्यावर मनगटाचा आडवा छेद दिसत होता. खाली हाडाची पांढरी कमान. त्यावर दोन वाटोळे आकार. त्यातला लहान राखाडी-पांढरा होता. पण मोठा मात्र काळाकुट्ट दिसत होता, जणू तेथे भोकच पडले आहे.

"अगं बाई! ही शीर तुटली का हो?" बहीण घाबरून म्हणाली. खरे सांगायचे, तर माझ्याही छातीत धस्स झाले.

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी प्रोब जागेवरून न हलविता फक्त थोडासा कलता केला. आणि काय आश्चर्य! काळे भोक उजळून पांढरे झाले, आणि आता लहान आकार काळवंडला. प्रोब पुन्हा पूर्वीसारखा केला, तर पुन्हा मोठा काळा!

मित्रांनो, सुटीत तुम्ही आरशाने भिंतीवर कवडसा पाडून खेळला असाल. आरसा जरासा कलवला, की कवडसा कुठल्या कुठे जातो. कंडरेत हजारो तंतू एकमेकांना समांतर, विंचरलेल्या केसांसारखे असतात. ध्वनीच्या दृष्टीने त्या आरशाच्या पट्ट्याच. ध्वनी त्यांच्यावर काटकोनात पडला, तर सरळ प्रोबकडे परत येतो आणि कंडरा उजळ दिसते. काही अंशांचा जरी तिरपेपणा आला, तरी प्रतिध्वनी भलतीकडे जातो. प्रोबला काहीच ऐकू येत नाही आणि यंत्र तेथे काळा डाग काढते. कंडरा ठणठणीत असते; चुकलेला असतो तो आपला कोन.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पडद्यावरचे चित्र म्हणजे मनगटाचा फोटो नव्हे. आपण विचारलेल्या प्रश्नाला मनगटाने दिलेले ते उत्तर असते. प्रश्न तिरपा विचारला, तर उत्तरही फसवे मिळते. ते खरे मानले असते, तर एक चांगली कंडरा 'तुटलेली' ठरली असती आणि माझी बहीण नाहक शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली असती. म्हणून जाणकार डॉक्टर एकाच कोनातून पाहून निर्णय देत नाहीत. प्रोब कलता करतात, उभा करतात, आडवा करतात, दुसऱ्या चांगल्या हाताशी ताडून पाहतात. कोन बदलताच जो डाग पळतो तो आजार नव्हे; सगळ्या कोनांतून जो टिकून राहतो तोच खरा.

बहिणीच्या मनगटात एक गोष्ट प्रत्येक कोनातून टिकली. लहान कंडरेवरचा पट्टा चांगलाच जाड दिसत होता. निरोगी मनगटात तो मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. शिवाय त्या कंडरेभोवती पातळ काळे कडे होते. ते साचलेल्या द्रवाचे. द्रवातून ध्वनी विनासायास पलीकडे जातो, परत फिरत नाही, म्हणून द्रव काळा दिसतो.

मग डॉक्टरबाईंनी एक बटण दाबले आणि जाड पट्ट्याजवळ तांबडे-निळे ठिपके लुकलुकू लागले. हा डॉप्लर परिणाम. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणारीची उतरती वाटते, तो तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला असेल. ऑस्ट्रियाचे ख्रिस्तियान डॉप्लर यांनी तो १८४२ साली मांडला. येथे शिट्टीच्या जागी असतात धावत्या रक्तपेशींवरून परतलेले प्रतिध्वनी. रक्त सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने सरळ प्रोबकडे येत असेल, तर १ कोटी कंपनांच्या ध्वनीत सुमारे ६५० कंपनांचा फरक पडतो. गंमत पाहा! मूळ ध्वनी ऐकू येत नाही. पण हा फरक आपल्या कानाच्या टप्प्यात येतो. डॉप्लरच्या काही तपासण्यांत रक्ताचा 'शू शू' आवाज ऐकवितात, तो हाच. निरोगी पट्ट्याजवळ असे ठिपके क्वचितच दिसतात. येथे रक्तप्रवाह वाढला होता, म्हणजे जागा चिडलेली होती.

नेफ्यातली शिवण

पण मग आधीच्या इंजेक्शनने पुरता गुण का आला नाही? त्याचे उत्तर दोन कंडरांच्या मध्ये दडले होते. तेथे एक बारीक रेघ उभी होती, आणि तिच्या खाली हाडाला छोटासा उंचवटा होता. ती रेघ म्हणजे बोगद्याला मधोमध विभागणारा पडदा. नेफ्यात दोन नाड्या आहेत आणि मध्ये कुणी तरी लांबलचक शिवण घातली आहे, अशी कल्पना करा. आता एक नेफा नव्हे, दोन झाले. अशी शिवण पुष्कळ लोकांत जन्मतःच असते आणि एरवी ती काही त्रास देत नाही. पण पहिल्या वेळी औषध बहुधा मोठ्या कंडरेच्या कप्प्यात गेले आणि शिवणीपलीकडे पोचलेच नाही. दुखत होती ती मात्र लहान कंडरा! यात कुणाची चूक नव्हती. बाहेरून ही शिवण कुणालाच दिसली नसती.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी प्रोब धरून, पडद्यावर पाहत, दुसरे इंजेक्शन दिले. सुई पडद्यावर चकाकत्या रेघेसारखी दिसते. पण तिथेही तोच आरशाचा नियम! सुई प्रोबच्या तोंडाला जवळजवळ समांतर असेल तरच छान दिसते. उभी घातली तर दिसेनाशी होते. सुईचे टोक शिवणीपलीकडे, पण कंडरेच्या बाहेर, बरोबर फटीत गेले. कंडरेच्या आत हे औषध जाऊ द्यायचे नसते, कारण त्याने ती कमजोर होऊ शकते. औषध सोडताच कंडरेभोवती काळी कड पसरली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोचले!"

हाच ध्वनी शेक देतो का?

लांजव्हँच्या टाकीतले मासे आठवतात ना? चित्र काढणारा ध्वनी अतिशय क्षीण आणि क्षणभराच्या तुकड्यांत सोडलेला असतो. पण तोच जरा जोराने आणि सलग सोडला, तर शोषलेल्या ऊर्जेची उष्णता होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत याचा उपचारासाठी उपयोग सुरू झाला. भौतिकोपचार करणाऱ्यांकडे असे यंत्र असते. त्याची कंप्रता बहुधा १० लाख किंवा ३० लाख असते. वरवरच्या भागासाठी ३० लाखांची घेतात. ती लवकर शोषली जाते, हे आता तुम्हांला सांगायला नको. यंत्राचे डोके सतत फिरते ठेवावे लागते, नाही तर एकाच जागी चटका बसतो. वाढत्या मुलांच्या हाडांच्या वाढीच्या जागांवर ते वापरताना विशेष काळजी घेतात.

त्याने मनगट बरे होते का? मित्रांनो, विज्ञानात आवडलेले उत्तर आणि खरे उत्तर यांत फरक करावा लागतो. अशा शेकाने काहींना बरे वाटते. परंतु या विकारात केवळ त्यानेच गुण येतो, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. कारणही समजण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर या विकारात नुसती सूज नसते. पट्ट्याची घडणच बदलून तो जाड झालेला असतो. जाड झालेला नेफा शेकून पातळ होत नाही. म्हणून विश्रांती, अंगठ्याला स्थिर ठेवणारी आधारपट्टी, आणि लागलेच तर इंजेक्शन, हा क्रम धरतात. बहुसंख्य लोकांना एवढ्याने बरे वाटते. त्यानेही भागले नाही, तर लहानशा शस्त्रक्रियेने बोगद्याचे छत चिरून वाट मोकळी करतात. आणि त्या वेळी शिवण असेल तर तिच्या पलीकडचा कप्पाही आठवणीने उघडावा लागतो.

बहिणीला शस्त्रक्रिया लागली नाही. पहिले दोन दिवस हात दुखला. मग कळा ओसरू लागल्या. तीन आठवडे तिने आधारपट्टी वापरली. बाळाला काखेत अंगठे घालून न उचलता, दोन्ही तळहात खाली सरकवून, सुपासारखे उचलायला ती शिकली. लंगोट पिळण्याचे काम माझ्या मुलाकडे आले. त्याने प्रथम कुरकुर केली, पण एक बादली पिळून झाल्यावर स्वतःचा अंगठा चोळत म्हणाला, "आत्या रोज एवढे पिळायची?"

करून पाहा

दुपारच्या उन्हात लहान आरसा घेऊन अंधाऱ्या भिंतीवर कवडसा पाडा. भिंतीवर खडूने नाण्याएवढे वर्तुळ काढा. हा तुमचा प्रोब. कवडसा वर्तुळावर आणा आणि मग आरसा अगदी थोडा कलवा. किती अंश कलल्यावर कवडसा वर्तुळाबाहेर जातो, ते कोनमापकाने मोजा. तो बाहेर जातो तेव्हा आरसा फुटलेला नसतो, हे ध्यानात ठेवा.

आणि हो, तुमच्या घरात तान्हे बाळ असेल, तर त्याच्या आईचा अंगठा दुखतो का, हे एकदा विचारा. दुखत असेल तर त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा. आणि आजची बादली तुम्ही पिळा.